सुरीची वाट, दुधाची वाट

(सोलापूरच्या भवानी पेठेत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या स्मृती-व्याख्यानाचे शब्दांकन)

मागं दाराला धरून बसलेले पुरुष हो,

विषय अवघड झाला तर सटकता यावं म्हणून तुम्ही दाराशी बसलात, हे मला इथून दिसतंय. बसा. तुमच्या वाट्याचंही आहे आज.

पत्रिकेवर माझा विषय ‘माता आणि बालक : काही विचार’ असा छापलाय. मी लिहून दिलेला विषय हा नव्हे. मी लिहिलं होतं, ‘स्तनावरची शस्त्रक्रिया आणि नंतरचं स्तनपान’. कार्यकर्त्यांचा फोन आला, “मॅडम, पत्रिका घरोघर जाते.” मी म्हटलं, “अहो, बाळंतपणही घरोघर होतं.” पण त्यांची अडचण मला कळते. ‘स्तन’ हा शब्द आपण उच्चारत नाही. छाती म्हणतो, अंग म्हणतो, ‘तिथं’ म्हणतो. बाळाला ‘अंगावर पाजतो’. हे अंगावर पाजणं मला आवडतं, फार सुंदर बोलणं आहे ते. पण त्या अंगावर सुरी फिरते तेव्हा ‘तिथं’ म्हणून भागत नाही. नेमकं कुठं, ते सांगावं लागतं. आजचं माझं सगळं भांडण त्या ‘नेमकं कुठं’साठी आहे.

ज्या बाईंच्या नावानं हे व्याख्यान होतं, त्या सुईण होत्या. या पेठेतल्या जुन्या माणसांना त्या आठवतात. त्यांच्या एका वाक्यात मराठी असायची आणि पुढच्या वाक्यात तेलुगू. पद्मशाली विणकरांच्या घरात ‘मुर्रु पालु’ म्हणायच्या, शेजारच्या घरात ‘चीक’. पहिले दोन-तीन दिवस येणारं ते घट्ट, पिवळसर दूध. ते पिळून टाकायची रीत होती. घाण असतं म्हणायचे. या बाई टाकू द्यायच्या नाहीत. नाळ कापली की त्यांचं पुढचं काम बाळाला आईच्या छातीवर ठेवणं. पुस्तक वाचून नव्हे, वासरू बघून शिकलेली बाई. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात मी दुधाबद्दल बोलले नाही तर कशाबद्दल बोलू?

आधी यंत्र समजून घेऊ. ऐकताय ना, बाहेर माग चालू आहेत. त्या आवाजात बोलायचं म्हणजे मागाचाच दाखला द्यावा लागणार.

दूध तयार होतं गाठींमध्ये. द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक घोस असतात, त्यांतून नळ्या निघतात आणि बोंडाशी येऊन उघडतात. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात या नळ्या १५ ते २० असायच्या. २००५ साली ऑस्ट्रेलियात पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी करून मोजलं, तेव्हा सरासरी नऊच्या आसपास भरल्या. फरक लहान वाटतो का? वीसमधल्या चार कापल्या गेल्या तर सोळा उरतात. नऊमधल्या चार कापल्या तर?

आता दुसरी गोष्ट. गायीचा पान्हा ठाऊक आहे. वासरू ढुसण्या देतं, तोंड लावतं, तेव्हा पान्हा फुटतो. बाईचंही तसंच. बाळ ओढायला लागलं की बोंडापासून निरोप निघतो, नसांमधून मेंदूपर्यंत जातो, आणि मेंदू दोन हुकूम सोडतो. एक दूध बनवायचा, प्रोलॅक्टिन. दुसरा बनलेलं दूध सोडायचा, ऑक्सिटोसिन. हा निरोप नेणारी मुख्य नस चौथ्या बरगडीच्या बाजूनं येते आणि बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळात खालच्या, बाहेरच्या अंगानं शिरते. तो धागा तुटला तर? आत माल तयार आहे, पण पान्हा फुटत नाही. गाय पान्हा चोरते म्हणतो ना, तसं. फक्त इथं चोरी गायीची नसते.

आणि तिसरी. माल उचलला नाही की कारखानदार माग बंद ठेवतो. टॉवेलच्या थप्प्या दाराशी लागल्या, गिऱ्हाईक नाही, मग कोण सूत चढवणार? स्तनाचंही तेच. रिकामा होत राहिला तर भरत राहतो, तुंबून राहिला तर दोन-चार दिवसांत आवरतं घेतो.

नळी, नस आणि उचल. एवढं ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आता माझी गोष्ट. १९८९ साल. मी सर्जरी शिकत होते. कुठल्या रुग्णालयात, ते नको. चूक माझी होती, भिंतींची नव्हती. पाच आठवड्यांचं बाळ घेऊन एक बाई आली. बिड्या वळणारी. ताप फणफणलेला, उजवा स्तन लाल, ताणलेला, कातडी चकाकणारी. गळू. आधी गाठ झाली होती, तशीच अंगावर काढली, कारण मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं तर हजार बिड्या भरणार कशा? मी गळू कापलं. वाटीभर पू निघाला. काप कुठं घेतला? काळ्या वर्तुळाच्या कडेकडेनं, अर्धगोल. तिथं व्रण दिसत नाही, कातडीच्या रंगात मिसळून जातो. मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं होतं. आणि जाताना तिला ठणकावलं, “या बाजूचं दूध बंद कर.” तेव्हा असंच सांगायचे. मीही सांगितलं.

दोन वर्षांनी ती दुसऱ्या बाळंतपणानंतर पुन्हा आली. चौथा दिवस. डावी बाजू गळतेय, पातळ भिजलंय. उजवी दगडासारखी टणक, आणि बोंडाशी थेंब, फार तर दोन. मी विचारलं, काय होतंय? ती म्हणाली, “मॅडम, ही बाजू मुकी झालीय.”

मुकी. मी पुढं पुष्कळ इंग्रजी पुस्तकं वाचली, पण निरोप तुटलेल्या स्तनाला इतका नेमका शब्द मला कुठं सापडला नाही. तिनं पदर बाजूला केला. आणि मी माझे टाके ओळखले. लोहारानं आपला घण ओळखावा तसे. वर्तुळाच्या कडेनं, खालून, बाहेरच्या बाजूनं. जिथून नस आत शिरते, बरोब्बर तिथून.

मी काही बोलले नाही. का नाही बोललात, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय मला. तरुण होते, घाबरले. पुढं बोलले, ते नंतर.

त्याच १९८९ साली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं, ज्यांची आई आजारी आहे किंवा जिला दूध उतरलेलं नाही, त्यांना दुसऱ्या आईचं दूध. दान आलेलं दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवायचं, गार करून गोठवायचं, तपासायचं, मग द्यायचं. तिकडं डॉ. फर्नांडिस थेंब न् थेंब जमवत होत्या आणि इकडं मी नळ्या कापत होते. हे दोन प्रसंग मी मनात एकमेकांशेजारी ठेवलेत, कायमचे.

आज गळू असं कापत नाहीत. सोनोग्राफीत बघून सुईनं पू ओढून घेतात, लागलं तर दोन-तीनदा. कापावं लागलंच तर वर्तुळापासून लांब, सायकलच्या चाकाच्या आऱ्यासारखा छेद, म्हणजे नळ्यांच्या बाजूनं वाट निघते, नळ्यांवरून आडवी जात नाही. आणि पाजणं थांबवायचं नाही. पू वाहतोय तिथं बाळाचं तोंड लागत असेल तर त्या बाजूचं पिळून काढा, पण रिकामं करत राहा. ‘दूध बंद कर’ हे मी त्या बाईला सांगितलं, ते उलटं होतं. तुंबलेल्या मालावर मी कुलूप लावलं.

आता पत्रिकेवरून जो विषय गेला, त्यातल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेकडं येते. इम्प्लांट. म्हणाल, डॉक्टरीणबाई, भवानी पेठेत कोण छातीत पिशव्या बसवून घेतंय? कोण ते मी सांगणार नाही, पण आहेत. या पेठेतल्या लेकी आता पुण्यात, हैदराबादेत, बंगळूरला नोकऱ्या करतात. कुणाची एक बाजू वाढली, दुसरी वाढलीच नाही. ती पोर वीस वर्षं पदराला पिन लावून, खांदा पुढं काढून चालली. कुणी कॅन्सरमध्ये स्तन गमावला. आणि कुणी हौसेनं केलं. हौसेनं केलं तर केलं. मागच्या रांगेत कुणी केस लावून घेतले असतील तर आम्ही त्यांची उलटतपासणी करतो का?

पहिलं सिलिकोनचं इम्प्लांट बसलं १९६२ साली, अमेरिकेत, टेक्ससमधल्या ह्यूस्टनला. क्रोनिन आणि गेरो नावाचे दोन सर्जन. रक्ताची प्लॅस्टिकची पिशवी हातात दाबताना गेरोला ही कल्पना सुचली, असं सांगतात. जिला बसवलं ती टिमी जीन लिंडसे ही बाई गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. तिला स्वतःचे कान मागं वळवून हवे होते. डॉक्टर म्हणाले तेही करू, हेही करू. ती सहा लेकरांची आई होती. म्हणजे पाजण्याचं तिचं सगळं उरकलेलं. दुधाचा प्रश्न या शस्त्रक्रियेच्या जन्मापासून खोलीबाहेर उभा राहिला तो यामुळंच, असा दावा मी करणार नाही. पण राहिला खरा. आकार विचारला, माप विचारलं, खर्च विचारला. पुढं मूल होणार आहे का, पाजायचंय का, हे बऱ्याच ठिकाणी अजून कुणी विचारत नाही.

विचारायला का हवं? कारण पिशवी आत जायला वाट लागते, आणि मुख्य वाटा तीन आहेत. एक स्तनाच्या खालच्या घडीतून. दुसरी काखेतून. तिसरी त्या काळ्या वर्तुळाच्या कडेनं. तीच ती माझी १९८९ची वाट! व्रण सगळ्यांत कमी दिसतो, म्हणून ती मोहात पाडते. आणि पाजण्याला सगळ्यांत जास्त धोका तिथंच, कारण नळ्या तिथं एकवटतात, नस तिथून शिरते. शिवाय पिशवी ठेवायची कुठं? स्नायूच्या वर, थेट दुधाच्या गाठींना चिकटून, की स्नायूच्या खाली? खाली ठेवली तर गाठींवरचा दाब कमी राहतो. पिशवी फार मोठी घेतली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा जागाच उरत नाही, बाळंतीण कळवळते, आणि तुंबलेला माल... पुढचं तुम्हीच सांगा.

मग पाजता येतं की नाही? येतं. बहुतेकींना येतं, कमीजास्त. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात लाखो बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या, २०१५ साली ते छापून आलं. रुग्णालयातून घरी जाताना बाळ आईचं दूध पीत होतं का, एवढंच पाहिलं होतं. शस्त्रक्रिया न झालेल्या शंभरांतल्या ८९ पाजत होत्या, इम्प्लांटवाल्या शंभरांतल्या ७९. मी दोन्ही आकडे सांगते, कारण अर्धाच आकडा सांगून घाबरवणारे आणि अर्धाच सांगून फसवणारे, दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिलेत. शंभरांतल्या ७९ पाजतात हे खरं. दहा जास्तीच्या मागं राहतात हेही खरं. आणि फक्त आईच्या दुधावर, वरचं काही न देता वाढणाऱ्या बाळांचं प्रमाण अशा आयांमध्ये कमी भरतं, हे इतर अभ्यासांतून दिसलंय.

यात एक मेख आहे. काहींच्या बाबतीत दोष सुरीचा नसतोच. ज्या मुलीचा स्तन वयात येताना भरलाच नाही, तिच्यात दुधाच्या गाठीच मुळात थोड्या. म्हणून तर तिनं शस्त्रक्रिया केली. बाहेरून आकार छान भरला, आतलं कोठार होतं तेवढंच राहिलं. मग दूध कमी पडलं की सगळे बोट इम्प्लांटकडं दाखवतात.

कॅन्सरचं वेगळं, ते पटकन सांगते. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. १९८७पासून तिथं कर्करोगाची नोंद ठेवतात, खेड्यापाड्यांसाठीची देशातली पहिली. आपल्याकडच्या बाईला हा आजार होतच नाही, असं आता कुणी म्हणू नये. ज्या बाजूचा स्तन पूर्ण काढला, तिथं नंतर कितीही सुबक आकार दिला तरी दूध येणार नाही; दुकानाची पाटी आहे, आत माल नाही. किरणं दिलेल्या बाजूलाही सहसा फार कमी येतं. पण दुसरी बाजू शाबूत आहे ना? औषधं चालू नाहीत ना? डॉक्टरांनी हो म्हटलंय ना? मग एक बाजू पुरते. जुळ्यांची आई एकेकाला एकेक बाजूच देते की.

आता भीती. दूध पाजून बाळाच्या पोटात सिलिकोन गेलं तर?

पूतनेची गोष्ट आपण पाळण्यातल्या बाळाला ऐकवतो. विषाचा पान्हा. ती गोष्ट आपल्या डोक्यात फार खोल बसलीय. म्हणून ‘छातीत काहीतरी घातलंय’ म्हटलं की सासूच्या डोळ्यांसमोर पहिली पूतना उभी राहते. सासूलाच कशाला बोल लावा! १९९४ साली अमेरिकेत मोठ्या डॉक्टरांनीच मोजक्या मुलांवरून शंका काढली, की अशा आयांचं दूध प्यालेल्या मुलांच्या अन्ननलिकेत दोष दिसतो. बातमी जगभर गेली. पुढं ती टिकली नाही, पण टिकली नाही ही बातमी तेवढी लांब जात नाही, नाही का?

१९९८ साली कॅनडातल्या टोरांटोत सरळ मोजमापच केलं. सिलिकोन ज्यापासून बनतं ते सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या आयांच्या दुधात किती? एका मिलिलिटरमध्ये सरासरी ५५ नॅनोग्रॅम. इम्प्लांट नसलेल्या आयांच्या दुधात? ५१. जवळजवळ सारखंच. मग त्यांनी दुकानातलं गायीचं दूध तपासलं : ७०९. आणि बाळासाठीची डब्यातली दूधपावडर? ४,४०२. पुन्हा सांगू? आईचं ५५, डब्याचं चार हजार चारशेच्या वर. डबाही यामुळं विषारी ठरत नाही, बरं का. सिलिकॉन वाळूत आहे, पाण्यात आहे, भाताच्या तुसात आहे. पण ज्या भीतीनं आपण आईचं दूध तोडून डबा आणतो, ती भीती डब्यातच ऐंशीपट भरलेली निघते, याला काय म्हणायचं? आणि पोटात वारा धरला म्हणून बाळाला जे थेंब पाजतो, त्यात सिमेथिकोन असतं. ते त्याच घराण्यातलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००१ साली सांगून टाकलं, इम्प्लांट आहे म्हणून पाजू नका, असं म्हणायला आधार नाही.

एक पोर आली माझ्याकडं, चार वर्षांपूर्वी. ओळख पटेल असं काही सांगत नाही, दोन गोष्टी बदलून सांगते. पहिलं बाळंतपण, माहेरी याच भागात आली. पाचवा दिवस, सटवाईची पूजा रात्रीची. बाळाचं जन्माचं वजन दोन किलो आठशे. पाचव्या दिवशी दोन किलो चारशे नव्वद. शंभरामागं अकरा उतरलं. सातपर्यंत उतरतं, चालतं. दहाच्या वर गेलं की मी खुर्चीत सरळ बसते. लंगोट दिवसात तीन ओले, हवेत सहा. घरात हाळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळं जोरात. अव्वा, म्हणजे आजी, म्हणत होती, दुधाला दृष्ट लागली. आई म्हणत होती, हिनं गरोदरपणी नीट खाल्लं नाही. नवरा दूधपावडरीचा डबा पिशवीत घालूनच आला होता. आणि ती पोर खाली मान घालून. सगळे तिच्या छातीकडं बघताहेत आणि तिच्याकडं कुणीच बघत नाही.

बाळ कसं धरतंय ते बघायला मी पदर सारला. स्तनाखालच्या घडीत, दोन्हीकडं, चार-पाच सेंटीमीटरची पांढुरकी रेघ. मी आईला म्हटलं, “खालून चहा सांगून येता का?” अव्वाला म्हटलं, “तुम्ही बाळाला जरा उन्हात धरा.” नवऱ्याला म्हटलं, “वजनकाटा आणा.” खोलीत आम्ही दोघी उरलो. मी विचारलं, “कधी केलंस?”

ती जी रडली!

तेविसाव्या वर्षी केलेलं. डावी बाजू वाढलीच नव्हती. लग्नाच्या आधी, ऑफिसातून कर्ज काढून. आईला ठाऊक नाही, नवऱ्याला ठाऊक नाही. पाच दिवस ती मनात एकच म्हणत होती, मी माझ्या हौसेपायी बाळाला उपाशी मारतेय. मी तिला म्हटलं, “रेघ घडीत आहे. सर्जनानं वाट नीट निवडली. नळ्या कापलेल्या नाहीत. तुझं कोठार लहान आहे, पण बंद नाही.”

मग काय केलं ते जवळून सांगते, कारण यातलं घरी समजून घेण्यासारखं पुष्कळ आहे. एका वाटीत तिनं पिळून काढलेलं दूध, त्यात मोजून वरचं दूध. लहान बाळांच्या नाकातून घालतात ती केसासारखी बारीक नळी. तिचं एक टोक वाटीत, दुसरं टोक बोंडाशेजारी चिकटपट्टीनं लावलेलं. बाळ अंगावरच ओढतंय. आईचं येतं ते आणि नळीतून येतं ते, दोन्ही एकाच घोटात. वाटी खांद्याच्या उंचीला धरली की जास्त येतं, खाली धरली की कमी. वाटी कोणी धरायची? नवऱ्यानं. दाराजवळची मंडळी, म्हणाले होते ना तुमच्या वाट्याचं आहे. रात्री दोन वाजता वाटी धरणारा हात असला की अर्धं दूध तिथंच वाढतं. बाळाच्या ओढण्यानं निरोप मेंदूपर्यंत जात राहतो, स्तन रिकामा होतो, माग चालू राहतो. बाटली तोंडात दिली असती तर पोट भरलं असतं, पण उचल थांबली असती. कधी नळी नको वाटली तर आपलं जुनं बोंडलं आहेच माळ्यावर. उकळून घ्या म्हणजे झालं.

सातव्या दिवसापासून वजन रोज वीस-तीस ग्रॅमनं चढायला लागलं. सहा आठवड्यांनी साडेतीन किलो. उजवी बाजू निम्म्याच्या जवळपास द्यायला लागली, डावी थोडंसंच. पूर्ण कधीच पुरलं नाही. नऊ महिने पाजलं तिनं, अर्धं आपलं, अर्धं वरचं. याला यश म्हणायचं की अपयश? आपल्याकडं सगळं परीक्षेसारखं असतं, पास किंवा नापास. निम्मं दूध नापास. मी त्याला निम्मं दूध म्हणते, एवढंच.

नवऱ्याला तिनं पुढं कधीतरी सांगितलं. तो म्हणाला, “एवढंच होय?” वाटी धरून धरून माणूस शहाणा होतो.

तो डबा मात्र त्याला कुणी सुचवला होता? दुकानदारानं की रुग्णालयात कुणी? मी विचारलं नाही, पण हे माहीत असू द्या : १९९२ साली आपल्या देशात कायदा झाला, २००३ साली आणखी कडक झाला. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठीच्या दुधाच्या डब्यांची, बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायचं नाही. हा कायदा व्हावा म्हणून झगडणाऱ्यांत मुंबईचे बालरोगतज्ज्ञ होते, वर्ध्यात १९९१ साली एकत्र आलेले डॉक्टर-कार्यकर्ते होते. डबा गरजेला वापरायचा असतो, औषधासारखा, मोजून. भीतीवरचा उतारा म्हणून नाही.

मग विचारायचं कुणी आणि कधी? छातीवर कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, मग ती गाठ काढायची असो, गळू असो, पिशवी बसवायची असो, स्तन लहान करून घ्यायचा असो (आणि लहान करण्यात पाजण्याचं नुकसान पुष्कळदा पिशवी बसवण्याहून जास्त होतं, कारण तिथं गाठीच काढल्या जातात), तर टेबलावर जायच्या आधी सर्जनला एक प्रश्न टाका : “मला पुढं पाजायचंय, काप कुठून घेणार?” चिडला तर चिडू द्या. मीही चिडले असते १९८९मध्ये. चिडून का होईना, विचार केला असता. आणि बाळंतपण करणाऱ्या माझ्या भगिनींनो, सातव्या महिन्यात पोट मोजता, रक्त तपासता, तेव्हा नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून एकदा विचारा, छातीवर कधी काही केलंय का? भाजलंय का? गळू कापलंय का? पाचव्या दिवशी विचारलं तर बाळाचं वजन उतरलेलं असतं.

बिड्या वळणाऱ्या बायांना मी आणखी एकच सांगते. कायद्यात नोकरदार बाईला मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजायची सुट्टी आहे. तुमची हजेरी घड्याळावर नाही, हजारावर आहे, त्यामुळं ती सुट्टी तुमच्यापर्यंत पोचत नाही हे मला ठाऊक आहे. पण गाठ लागली, दुखायला लागलं, की त्याच दिवशी सूप खाली ठेवा. हात धुवा, तंबाखू जाऊ द्या, आणि बाळाला आधी दुखऱ्या बाजूला घ्या. एका दिवसाची मजुरी बुडेल. गळू झालं तर महिना बुडतो.

चिठ्ठ्या आल्यात. वेळ संपलीय म्हणतात, एकच घेते. नाव नाही लिहिलेलं, बरं केलं. “एकाच बाजूनं पाजलं तर बाळाची मान वाकडी होते का?”

आता ते राहिलेलं सांगते. त्या मुक्या बाजूच्या बाईनं दुसरा मुलगा डाव्या बाजूवर वाढवला, दीड वर्ष. मागच्या वर्षी ती सुनेला घेऊन आली, बाळंतीण होती, सोबत तो मुलगा. तेव्हा मी तिला सांगितलं, उजवीकडची ती खूण माझ्या हातची. ती म्हणाली, “ठाऊक होतं की. जुन्या कागदावर सही होती तुमची.” आणि सुनेकडं वळून, “हिला दाखवा आधी कसं धरायचं ते.”

मुलगा दाराशी उभा होता, चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. मान सरळ आहे.